उदंचन प्रकल्प किती तासांचा हवा?

प्रश्न असा आहे: एखाद्या देशाने कोळसा आणि वायू हळूहळू बाजूला सारून आपली बहुतांश वीज सूर्य व वारा यांच्यापासून घ्यायचे ठरवले, तर दोन-तीन अवाढव्य उदंचन जलविद्युत प्रकल्प, म्हणजे ज्यांना सर्रास ‘पंप्ड स्टोरेज’ म्हटले जाते ते, बांधून साठवणुकीचा प्रश्न मिटेल का? आणि बॅटऱ्या दरवर्षी स्वस्त होत असताना दहा-दहा वर्षे डोंगर पोखरत बसण्यात काही अर्थ आहे का?

प्रकल्प हवेत, असे माझे उत्तर आहे. मात्र ‘अवाढव्य’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला आहे, ते आधी ठरवावे लागेल. गेली तीसेक वर्षे मी बोगदे, जलवाहिन्या आणि दोन्ही दिशांना फिरणारी टर्बाइने यांच्यातच घालवली आहेत, त्यामुळे या तंत्राकडे मी अगदी तटस्थपणे पाहतो असा दावा करणार नाही. तरीही मेगावॉटच्या आकड्यावरून प्रकल्पाची थोरवी ठरवण्याची जी सवय जाहीर चर्चेला लागली आहे, तिने या तंत्राचे भले होण्याऐवजी नुकसानच जास्त झाले, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूळ तत्त्व शाळेत शिकवतात तेवढेच आहे. वीज जास्त असते तेव्हा खालच्या जलाशयातले पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि वीज कमी पडते तेव्हा तेच पाणी टर्बाइनमधून खाली सोडायचे. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर पाणी ३६७ मीटर उंच चढवले की त्यात एक किलोवॉट-तास, म्हणजे बिलावरचे एक युनिट साठते. प्रत्यक्षात घर्षण, यंत्रे आणि रोहित्रे यांतली गळती वजा जाता पंपाला दिलेल्या शंभर युनिटांपैकी पंचाहत्तर ते ऐंशी परत मिळतात. हजार लिटर पाण्यात जेमतेम एक युनिट मावते, याचाच अर्थ ऊर्जेच्या हिशेबाने पाणी फार विरळ आहे. म्हणून आम्ही जागा शोधताना पाण्याच्या आधी उंची शोधतो. दोन जलाशयांतला उंचीचा फरक, ज्याला आम्ही ‘हेड’ म्हणतो, दुप्पट झाला की तेवढ्याच ऊर्जेसाठी निम्मे पाणी पुरते, जलाशय निम्मे होतात आणि बोगद्यातून वाहून न्यायचा प्रवाहही निम्मा होतो. हेडच्या जोडीला दुसरा आकडा पाहावा लागतो तो जलमार्गाच्या लांबीचा. लांबी हेडच्या दहापटींच्या आत असेल तर जागा चांगली समजतात; त्यापुढे प्रत्येक जादा किलोमीटर बोगदा खर्चाबरोबर जोखीमही वाढवत नेतो.

आता तासांकडे वळतो. मेगावॉटमधली क्षमता म्हणजे एका वेळी किती वीज देता येते, तर गिगावॉट-तासांतला साठा म्हणजे एकूण किती वीज साठते. वेल्समधील डिनॉर्विग केंद्र १९८४ मध्ये सुरू झाले; त्याची क्षमता सुमारे १,७०० मेगावॉट आणि साठा सुमारे ९ गिगावॉट-तास आहे, म्हणजे पूर्ण ताकदीने ते पाच तासांच्या आसपास चालते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातले बाथ काउंटी केंद्र १९८५ चे. क्षमता सुमारे ३,००० मेगावॉट, साठा २४ गिगावॉट-तास, म्हणजे आठ तास. ऑस्ट्रेलियात बांधकामाधीन असलेल्या ‘स्नोई २.०’ ची क्षमता २,२०० मेगावॉट, म्हणजे बाथ काउंटीपेक्षा कमी, पण नियोजित साठा तब्बल ३५० गिगावॉट-तास आहे. तो रिता व्हायला जवळपास १६० तास लागतात. पहिले केंद्र मागणीतल्या अचानक उसळ्या झेलण्यासाठी उभारले गेले, दुसरे रात्री न थांबणाऱ्या औष्णिक आणि अणुवीज केंद्रांची शिल्लक दिवसाकडे नेण्यासाठी, आणि तिसरे वारा पडलेले कित्येक दिवस निभावण्यासाठी. या तिघांना मेगावॉटच्या क्रमाने एका यादीत लावणे म्हणजे घागर, टाकी आणि तलाव यांची तुलना त्यांच्या तोटीच्या व्यासावरून करण्यासारखे आहे.

त्यामुळे देशपातळीवर विचारायचा पहिला प्रश्न ‘किती गिगावॉट?’ असा नसून ‘किती तासांची तूट भरून काढायची आहे?’ असा आहे. याचे उत्तर सरासरी काढून मिळत नाही. अनेक वर्षांच्या तासागणिक हवामान-नोंदी घ्याव्या लागतात, त्यांवर भविष्यातली सौर आणि पवन क्षमता बसवावी लागते, अपेक्षित मागणीतून ते उत्पादन वजा करावे लागते आणि उरलेल्या वक्राची सर्वांत वाईट दोन-तीन आठवड्यांची पट्टी काढून तिच्याकडे टक लावून बसावे लागते. सूर्यावर भर देणाऱ्या देशात त्या पट्टीवर बहुधा रोज संध्याकाळी एक उंचवटा दिसतो. दुपारची वीज रात्रीपर्यंत नेली की काम भागते आणि त्यासाठी सहा ते दहा तासांचे साठे पुरतात. वाऱ्यावर विसंबलेल्या थंड प्रदेशात मात्र हिवाळ्यातले ढगाळ, निवांत दिवस सलग येतात. जर्मन अभियंत्यांनी त्या काळाला ‘डुंकेलफ्लाउटे’, म्हणजे काळोखी, वारा नसलेली स्थिती, असे नावच देऊन ठेवले आहे. तिथे दहा तासांचा साठा पहिल्याच रात्री संपतो. आणि मुळातच जलविद्युतवर चालणाऱ्या देशात संकट येते ते कोरड्या वर्षाचे. न्यूझीलंडमध्ये लेक ऑन्सलो येथे याच कारणासाठी ५ टेरावॉट-तासांचा, म्हणजे ‘स्नोई २.०’ च्या चौदापट साठा विचाराधीन होता; अंदाजित खर्च १५.७ अब्ज न्यूझीलंड डॉलरपर्यंत गेल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये नव्या सरकारने तो प्रकल्प सोडून दिला.

मोठ्या साठ्याची एक बाजू उद्घाटनाच्या भाषणांत येत नाही: तो परत भरावाही लागतो. ३५० गिगावॉट-तासांचा साठा संपूर्ण रिता झाला आणि एकूण कार्यक्षमता पाऊणपट धरली, तर तो पुन्हा भरायला सुमारे ४६७ गिगावॉट-तास वीज लागेल, आणि २,२०० मेगावॉटचे पंप अखंड चालवले तरी त्यात जवळजवळ नऊ दिवस जातील. प्रत्यक्षात अतिरिक्त वीज दिवसातले काही तासच मिळते, म्हणून नऊ दिवसांचे कित्येक आठवडे होतात. ऊन-वाऱ्याच्या टंचाईच्या एका आठवड्यामागून दुसरा लगेच आला तर वरचा जलाशय अर्धा रिकामाच सापडेल, हे नियोजनात धरलेले नसेल तर कागदावरचे तास खोटे ठरतात. दोन जलाशयांपैकी ज्याचा उपयुक्त साठा लहान, तोच भरण्या-रिते होण्याच्या फेऱ्याचा खरा आकार ठरवतो, ही साधी गोष्टही कधी कधी निसटते.

बॅटऱ्यांशी असलेली तथाकथित स्पर्धा याच हिशेबात पाहावी. दोन ते चार तासांच्या साठवणुकीत बॅटरी आज इतकी सोयीची आहे (बांधकाम महिन्यांत होते, जागा कुठेही चालते, प्रतिसाद क्षणार्धात मिळतो) की त्या पट्ट्यात नवा उदंचन प्रकल्प सुचवायला मी स्वतः धजावणार नाही. पण बॅटरीत तास वाढवायचे म्हणजे तितकेच जास्त सेल विकत घ्यायचे. उदंचन प्रकल्पात वीजगृह आणि बोगदा तेच राहून फक्त जलाशय वाढतो, आणि चांगल्या जागी बांध थोडासा उंच केला तरी साठा बराच वाढतो. त्यात भर म्हणजे धरण आणि बोगदे शंभर वर्षे टिकतात, यंत्रे तीस-चाळीस वर्षांनी नवी करता येतात. माझ्या अनुभवात आठ तासांच्या आसपास पारडे उदंचनाकडे झुकू लागते. बॅटऱ्यांच्या किमतींबरोबर ही सीमा सरकते आहे आणि सरकत राहील.

तासांइतकेच महत्त्वाचे, पण कमी बोलले जाणारे काम म्हणजे वीजजाळ्याची, म्हणजे ग्रिडची, नाडी स्थिर ठेवणे. औष्णिक केंद्रे बंद होतात तेव्हा त्यांच्या विजेबरोबर त्यांच्या फिरत्या रोटरांचे जडत्वही जाते, आणि एखादा मोठा वीजनिर्मिती संच अचानक बंद पडला तर वारंवारिता, म्हणजे विजेच्या प्रवाहाची दर सेकंदाची आंदोलनसंख्या, पूर्वीपेक्षा वेगाने घसरते. उदंचन केंद्राचे शेकडो टनांचे रोटर जाळ्याशी समकालिक, म्हणजे एकाच तालात, फिरत असल्याने ते जडत्व आपोआप देतात. डिनॉर्विगचे संच पाण्याऐवजी हवेत फिरत ठेवलेले असतील तर शून्यापासून १,३०० मेगावॉटपर्यंत जायला त्यांना बारा सेकंदांच्या आसपास पुरतात.

उलट दिशेचे, म्हणजे पाणी वर चढवण्याचे, काम मात्र इतके सुरळीत होत नाही. पाण्यात बुडालेले पंपाचे चक्र, म्हणजे रनर, जागेवरून हलवायला अफाट जोर लागतो. म्हणून आधी ड्राफ्ट ट्यूबमध्ये, म्हणजे रनरखालच्या नळीत, दाबाची हवा सोडून पाणी रनरच्या खाली ढकलतात, वारंवारिता-परिवर्तकाच्या साह्याने यंत्र हवेतच हळूहळू वेगात आणतात, जाळ्याशी जोडतात आणि मग हवा सोडून देतात. पाणी वर चढून फिरत्या रनरला भिडते, तो क्षण एकदा अनुभवला की विसरत नाही. आधी एक खोल घोगरा आवाज येतो, मग पायाखालची काँक्रीटची लादी थरथरते, नियंत्रण कक्षातला भाराचा काटा झेपावतो आणि दिशादर्शक पाती उघडू लागताच सगळे एकदम शांत होते. पहिल्या चाचण्यांच्या वेळी मी टर्बाइनच्या खड्ड्याच्या कठड्यावर तळहात टेकवून उभा राहत असे, कारण कंप वाढतो आहे हे मापकाच्या आधी हाताला कळते. पूर्वी हा प्रसंग दिवसातून एकदा, रात्री, यायचा. आता ढग आला की पंप थांबवा, ढग गेला की सुरू करा, असा आदेश येतो आणि काही संचांची अवस्था दिवसात आठ-दहा वेळा बदलते. जुन्या केंद्रांतल्या झडपा, सील आणि स्टेटरची, म्हणजे यंत्राच्या स्थिर भागाची, वेटोळी यासाठी घडवलेली नव्हती. नव्या प्रकल्पाच्या निविदेत आयुष्यभरातल्या अवस्थाबदलांची संख्या स्पष्ट लिहिलेली नसेल, तर ती निविदा परत पाठवावी असे मी सांगतो.

याच संदर्भात स्थिर वेगाच्या संचाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. पंप म्हणून चालताना तो एकतर पूर्ण भार घेतो किंवा मुळीच घेत नाही, त्यामुळे २७० मेगावॉट शिल्लक असताना ३०० मेगावॉटचा पंप निरुपयोगी ठरतो. जपानमधील यागिसावा येथे १९९० मध्ये बदलत्या वेगाचा संच सुरू झाला तेव्हापासून यावर उपाय उपलब्ध आहे. चीनच्या हेबेई प्रांतातील फेंगनिंग केंद्रात, जे ३,६०० मेगावॉट क्षमतेमुळे आज जगात सर्वांत मोठे आहे, बारांपैकी दोन संच अशा प्रकारचे आहेत. ऑस्ट्रियातील कॉप्स-२ केंद्राने दुसरा मार्ग धरला: पंप आणि टर्बाइन एकाच दांड्यावर वेगवेगळे ठेवून दोन्ही एकाच वेळी चालवायचे आणि त्यांतल्या फरकाने भार हवा तसा वरखाली करायचा. सगळेच संच असे महागडे घेण्याची गरज नसते. काही घेतले तरी केंद्राची लवचीकता पुष्कळ वाढते.

आता कातळाविषयी लिहितो, कारण बहुतेक प्रकल्प यंत्रांमुळे नव्हे तर इथे अडतात. ‘स्नोई २.०’ ची घोषणा मार्च २०१७ मध्ये पंतप्रधान माल्कम टर्नबुल यांनी केली, तेव्हा खर्च २ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर आणि मुदत चार वर्षे सांगितली गेली. २०२३ मध्ये तोच आकडा १२ अब्जांवर गेला आणि पूर्णत्वाची तारीख २०२८ च्या अखेरीस सरकली. २०२५ मध्ये १२ अब्जही पुरणार नाहीत असे जाहीर झाले. मधल्या काळात ‘फ्लॉरेन्स’ नावाचे बोगदा खोदणारे यंत्र वरच्या तांतांगारा जलाशयाच्या बाजूला, सुरुवातीच्या काही अंतरातच, मऊ आणि पाणी भरलेल्या जमिनीत रुतून बसले आणि वर जमिनीत खळगा पडला. बाहेरून पाहणाऱ्याला हा केवळ गैरकारभार वाटतो. मला त्यात घोषणेच्या तारखेचा आणि भूगर्भीय तपासणीच्या तारखेचा क्रम उलटलेला दिसतो.

हा क्रम उलटण्याचा अनुभव मी स्वतःही घेतला आहे. एका प्रकल्पात, ज्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही, अनेक किलोमीटरच्या जलमार्गावर कातळ तपासण्यासाठी मोजकीच छिद्रे घेतली गेली, आणि एका दरीखालचे छिद्र तिथपर्यंत रस्ता करावा लागेल म्हणून वगळले गेले. त्या टिपणीवर सहमतीची सही माझीही होती. दोन वर्षांनी बोगदा बरोबर त्या दरीखाली पोहोचला तेव्हा काम थांबवून ते छिद्र घ्यावेच लागले. पेटीत ओळीने मांडलेला गाभा, म्हणजे छिद्रातून काढलेले कातळाचे दंडगोल, मी पाहिला: सुरुवातीचे तुकडे हातभर लांब, खणखणीत वाजणारे; मग बोटभर; मग चुरा; आणि त्यानंतर करड्या मातीचा एक लगदा, जो दोन बोटांत दाबला की पाणी सोडत होता. तो भ्रंशाचा, म्हणजे जमिनीतल्या जुन्या भेगेलगतच्या चुरडलेल्या कातळाचा, पट्टा होता. छिद्राला जेवढा खर्च आला असता, त्याच्या कित्येक पट खर्च तो पट्टा सिमेंटच्या इंजेक्शनांनी घट्ट करून पार करण्यात गेला, आणि वर्ष गेले ते वेगळेच.

पाण्याचा दाब हाही याच प्रकरणाचा भाग आहे. ताशी अठरा किलोमीटर, म्हणजे सेकंदाला पाच मीटर वेगाने वाहणारा पाण्याचा स्तंभ एकदम अडवला तर जी दाबलाट उठते ती पाचशे-सहाशे मीटर उंच पाण्याच्या दाबाइतकी असू शकते. ती शमवण्यासाठी जलमार्गावर उल्लोळ विहीर, म्हणजे उसळणारे पाणी सामावून घेणारी उभी विहीर, खोदतात आणि झडपा मिटण्याचा वेळ सेकंदा-सेकंदाने ठरवतात. दोन्ही दिशांना फिरणाऱ्या यंत्रांत हे गणित आणखी नाजूक होते, म्हणून वीजगृहाचे, बोगद्याचे आणि यंत्राचे आरेखन तीन वेगळ्या ठेकेदारांकडे तीन बंद पाकिटांत देण्याची पद्धत मला धोक्याची वाटते.

सुरक्षिततेबाबत एकच घटना सांगतो. अमेरिकेतील मिझुरी राज्यात टॉम सॉक येथे १४ डिसेंबर २००५ च्या पहाटे वरचा जलाशय काठोकाठ भरूनही पंप चालूच राहिले. पातळी मोजणाऱ्या उपकरणांच्या नळ्या आधाराच्या जागेवरून सुटल्या होत्या, त्यामुळे पातळी खऱ्यापेक्षा कमी दिसत होती. पाणी बांधावरून वाहिले, बांध फुटला आणि जवळपास सगळा जलाशय अर्ध्या तासाच्या आत रिता झाला. खालच्या उद्यानाच्या अधीक्षकाचे घर कुटुंबासह वाहून गेले. सुदैवाने सगळे वाचले. नैसर्गिक पाणलोट नसलेल्या डोंगरमाथ्यावरच्या जलाशयाला पूर येत नाही, म्हणून सांडवा नको, हा युक्तिवाद तिथे होता. अशा जलाशयाला पूर येतो तो पंपातून. पुढे तो बांध काँक्रीटचा आणि सांडव्यासह बांधला गेला. पातळीची किमान दोन स्वतंत्र मोजमापे, वेगळ्या तत्त्वांवरची आणि वेगळ्या तारांवरची, हा त्यानंतर माझ्या तपासणीतला पहिला मुद्दा असतो.

पर्यावरणाच्या आक्षेपांतले बरेचसे आक्षेप नदीवरच्या मोठ्या धरणांना लागू आहेत. नदीपासून दूर, दोन छोटे जलाशय आणि त्यांत पुन्हा पुन्हा फिरणारे तेच पाणी, अशी रचना असेल तर एकदा भरल्यावर फक्त बाष्पीभवन आणि पाझर भरून काढावा लागतो. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीच्या अँड्र्यू ब्लेकर्स यांच्या गटाने उपग्रही उंची-नकाशांवरून अशा सुमारे ६ लाख १६ हजार संभाव्य जागा जगभर शोधल्या. नकाशावरची जागा म्हणजे बांधता येणारी जागा नव्हे. मालकी, वस्ती, जंगल, कातळ आणि पारेषण यांच्या चाळणीतून बहुतेक गळतात, पण एका टक्क्याहून कमी उरल्या तरी बहुसंख्य देशांना निवडीला वाव राहतो. जिथे नैसर्गिक सरोवर वापरले जाते तिथे मासे वाचवण्याचा खर्च धरावाच लागतो. मिशिगन सरोवरावरच्या लडिंग्टन केंद्रासमोर दरवर्षी चार किलोमीटर लांबीचे जाळे लावले जाते.

उरला पैशाचा प्रश्न, आणि तो कातळाइतकाच कठीण आहे. शंभर युनिटे घेऊन पंचाहत्तर परत देणाऱ्याला विक्रीची किंमत खरेदीच्या एक-तृतीयांशाहून अधिक वर असल्याशिवाय वीजखर्चही निघत नाही, भांडवल दूरच. शिवाय मोठा प्रकल्प स्वतःच दुपारची वीज विकत घेऊन तिचा भाव वाढवतो आणि संध्याकाळी विकून तो पाडतो; ज्या फरकावर जगायचे तोच तो बुजवत जातो. ग्राहकाला याचा लाभ होतो, गुंतवणूकदाराला नाही, आणि म्हणूनच निव्वळ बाजारावर सोडलेल्या देशांत असे प्रकल्प उभे राहिले नाहीत. ब्रिटनमध्ये डिनॉर्विगनंतर चार दशकांत एकही नवे केंद्र झाले नाही. तिथल्या सरकारने २०२४ मध्ये दीर्घकालीन साठवणुकीसाठी उत्पन्नाची किमान आणि कमाल मर्यादा ठरवून देण्याची पद्धत स्वीकारली. चीनने २०२१ मध्ये क्षमतेचा आणि विजेचा असा दुहेरी दर लागू केला आणि २०३० पर्यंत १२० गिगावॉटचे लक्ष्य ठेवले. जडत्व, वारंवारिता-नियंत्रण, अंधारातून जाळे पुन्हा उभे करण्याची तयारी या सेवांचे मोल दरपत्रकात नसेल, तर चांगल्या जागाही कागदावरच राहतील.

त्यामुळे आपल्या मूळ प्रश्नावर माझा सल्ला दोन-तीन अवाढव्य प्रकल्पांच्या बाजूने नाही. आठ ते बारा तासांचे, पाचशे ते बाराशे मेगावॉटचे अनेक प्रकल्प जाळ्याच्या वेगवेगळ्या भागांत असावेत; आठवड्याभराचा साठा देणारा एखादाच, तोही हवामान-नोंदींनी गरज सिद्ध झाली तर आणि दोन मोठे जलाशय आयतेच उपलब्ध असतील तर. चार तासांपर्यंतचे काम बॅटऱ्यांकडे द्यावे. पारेषण वाहिनीची मंजुरी आणि बोगद्याची निविदा एकाच दिवशी निघावी, कारण वाहिनीच्या जमिनीसाठी बोगद्याइतकाच, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. आणि जागांची घोषणा करण्यापूर्वी आठ-दहा ठिकाणी एकाच वेळी छिद्रे घ्यायला सुरुवात व्हावी. त्या कामाला अठरा महिने ते दोन वर्षे लागतात, मंत्रिमंडळाचा निर्णय लागत नाही, आणि त्यातून तीन-चार जागा गाभ्याच्या पेट्या पाहूनच यादीतून काढता येतात.